भामाबाईंच्या नावाचा कॉम्प्युटर

मीठपाड्याच्या समाजमंदिरात बिननावाची वस्तू शोधून सापडली नसती. गाव नवीन पनवेलच्या सेक्टरांना खेटून. जमिनी सरकारात गेल्या, हातात पैसा आला आणि गेलेल्या माणसाच्या नावाने समाजमंदिराला काहीतरी देण्याची रीत पडली. बाकांवर, पाण्याच्या टाकीवर, लोखंडी कपाटावर, घड्याळाच्या काचेवर, जिकडे बघाल तिकडे लाल अक्षरांत कुणीतरी कुणाच्या तरी स्मरणार्थ. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं होती. ती फक्त वीज गेल्यावर वाचता येत. मग उकाड्याने कावलेली माणसं वर बघून म्हणत, "सोमा पाटलाचा आत्मापन घामाघूम झाला असंल!"

दाजी घरत रोज संध्याकाळी तिथे येऊन बसत. एकदा नुसता वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी सगळी नावं वाचून काढली. त्यात बायकांची नावं तीन निघाली. भामाचं नव्हतं.

भामा म्हणजे त्यांची बायको. गेल्या माघात गेली. दाजी विचार करू लागले तसं त्यांच्या लक्षात आलं, की तिचं नाव तसं कुठेच नाही. सातबाऱ्यावर दाजी आणि त्यांचा भाऊ. नव्या घराच्या पाटीवर दाजी आणि मुलगा. मोबदल्याच्या चेकवर एकटे दाजी. ज्या मिठागरात तिने वीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, तिथल्या मुकादमाच्या वहीत तर 'दाजीची बाई' एवढीच नोंद होती. एवढी जन्मभर राबलेली बाई आणि तिचं नाव लिहिलेली हातभर जागा गावात नसावी, हे काही त्यांना गोड लागेना. माघ जवळ आला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी चार माणसांना वाचता येईल असं भामाचं नाव कुठेतरी लागलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं.

पण द्यायचं काय? बाक झाले, पंखे झाले, टाकी झाली. भिंतीवरचा मोठा टीव्हीसुद्धा दाजींच्या पुतण्याने, हरेशने, गेल्या वर्षीच दिला होता. म्हणून त्यांनी वेणूबाईंना विचारलं.

वेणूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी समाजमंदिरात गावातली पंधरा-वीस पोरं गोळा करून शिकवत. दाजींची नात समीक्षा सातवीत होती, तीही त्यांच्यात असे. गणित, इंग्रजी आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटर एकच होता, कुठल्याशा ऑफिसातून उतरलेला, धूड होतं नुसतं. पण समाजमंदिर हे गावाचं. गावात लग्न निघालं की हळदीचे तीन दिवस ते लग्नघराचं. तिथे जेवणावळी, तिथे बेंजोचा बाजा, तिथे पाहुण्यांच्या गाद्या. मग पोरांनी कॉम्प्युटर उचलून शेजारच्या पडवीत ठेवायचा आणि हळद संपली की परत आणायचा. गेल्या वैशाखात चौघे तो उचलून नेत असताना बाहेर बेंजोने ठेका धरला. चौथ्याचे पाय ताल धरू लागले आणि कॉम्प्युटर पायऱ्यांवरून खाली गेला. तेव्हापासून पोरं वहीत कीबोर्ड काढून त्यावर बोटं फिरवत होती.

"बाई, मी देतो कंपुटर," दाजी म्हणाले. "कवरा असतो वो तो?"

बाईंनी हातांनी उंची दाखवली, रुंदी दाखवली. दाजींनी तिथेच हवेत वीत टाकून बघितली. एक वीत न् चार बोटं. भामाचं नाव अघळपघळ बसलं असतं.

मंगळवारी दोघं जुन्या पनवेलला फारूकच्या दुकानात गेले. फारूकने त्यांना बसवलं, चहा सांगितला, बाईंकडून सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मागच्या फळीवरून एक खोका काढून काचेवर ठेवला. खोक्यातून निघाली एक काळी चपटी डबी. दाजींच्या पानाच्या डब्याहून थोडी मोठी.

दाजींनी ती बघितली न बघितल्यासारखी केली. "ह्यो झाला चार्जर. आता कंपुटर दाखव."

"दाजी, हाच कॉम्प्युटर."

"आरं, हसतोस काय गरिबाला?"

"खुदा की कसम, हाच. ही वायर टीव्हीला लावायची, इथे कीबोर्ड, इथे माऊस. झालं. तुमच्या समाजमंदिरात टीव्ही आहे ना? मग स्क्रीनचा खर्च वाचला."

"कवऱ्याला?"

"साडेअकरा हजार. कीबोर्ड-माऊस आठशे, पण तुमच्यासाठी सहाशे."

दाजींनी डबी हातात घेतली. वजन पाव किलोच्या आसपास. जन्मभर त्यांनी भात खंडीने मोजला होता न् मीठ गोणीने. पाव किलोला साडेअकरा हजार हा भाव त्यांच्या डोक्यात शिरेना. "सोनं भरलंय काय रं आत? त्यो मोठा कवऱ्याला पडतो?"

"मोठा एकोणीस. डबा, कीबोर्ड, सगळं धरून. स्क्रीन वेगळी."

"बघा बाई. मोठ्याला एकोणीस, तर यवऱ्याशाला दोन हजार व्हायला पायजेत. त्रैराशिक मांडा तुमी."

वेणूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठात ठेवलं. शिकणारा बारा वर्षांचा असो की बहात्तर, त्याच्या चुकीला हसायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. "दाजी, तुमच्या वडिलांचा रेडिओ आठवतो?"

"आठवतो तर. पेटीयवरा व्हता. दोन मानसं लागायची."

"आणि आता?"

दाजींनी खिशातला मोबाईल चाचपला. त्यावर ते रोज सकाळी भजनं ऐकत.

"आवाज तोच, बातम्या त्याच. पेटीत निम्मी हवाच होती," बाई म्हणाल्या. "आपण किंमत देतो ती कामाची. पेटीची नाही."

"ते कळलं," दाजी म्हणाले. खरी अडचण त्यांना बोलवत नव्हती. शेवटी डबी उलटीपालटी करत म्हणाले, "पन नाव कुठं लिवायचा?"

फारूकने बाईंकडे पाहिलं. बाईंनी दाजींकडे.

"भामाचा नाव," दाजी म्हणाले. "त्याच्यासाठीच देतोय ना मी."

"मग मोठाच घ्या, दाजी," फारूक म्हणाला. "माझा काय तोटा? उलट फायदाच. डब्यावर पाहिजे तेवढं मोठं नाव लिहा."

दाजींनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "देणारे तुम्ही. मोठा दिलात तरी मुलं आनंदाने शिकतील. फक्त एक सांगते. या वर्षी गावात अकरा हळदी आहेत. अकरा वेळा तो बाहेर जाणार आणि अकरा वेळा आत येणार. हा असला तर मी पिशवीत घालून घरी नेईन. हळद असली की माझ्या ओट्यावर शिकवीन."

दाजींनी बराच वेळ डबी तळहातावर धरली. मग खिशातून पैसे काढले. "साडेअकरातले पाचशे कमी कर. माझ्यासाठी नको. भामाच्या नावाने कर."

फारूकने तीनशे कमी केले.

डबी वर्षश्राद्धापर्यंत दाजींच्या घरी राहिली. ती लिहायला लहान पडली म्हणून काय झालं, दाजी गप्प बसणारे नव्हते. ते पाट्या करणाऱ्या जगनकडे गेले. जगनने आजवर अर्ध्या पनवेलच्या दारांवर पितळी पाट्या बसवल्या होत्या. त्याने डबी मोजली, दाजींनी सांगितलेला मजकूर मोजला आणि डोकं खाजवलं.

"'कै. सौ. भामाबाई दाजी घरत यांच्या स्मरणार्थ.' नुसतं भामाबाई ठेवू? अक्षर ठळक येईल."

"एकपन अक्षर कमी करायचा नाय."

मग जगनने पाटी केली. ती बरोबर डबीच्या झाकणाएवढी झाली, कडेला सुताएवढीही जागा उरली नाही. झाकणावर बारीक भोकांची जाळी होती. जगनला वाटलं, नक्षी. दाजींनाही नक्षीच वाटली. "डिंक असा लाव, का बेंजो वाजला तरी हलली नाय पायजे," दाजींनी बजावलं. जगनने दरवाजाच्या पाटीचा डिंक लावला, वर रात्रभर पाटा ठेवला. सकाळी दाजींनी नखाने कड उचकून बघितली. पाटी जणू डबीबरोबरच जन्माला आली होती.

वर्षश्राद्धाला समाजमंदिर भरलं. टीव्हीखाली स्टुलावर डबी ठेवली, तिला हार घातला. हार तिच्याहून मोठा असल्याने डबी दिसेना, म्हणून तो काढून भामाच्या फोटोला घातला. नारळ फुटला. पितळेवर उजेड पडून नाव चकाकत होतं. जो येई तो वाकून वाचत होता आणि दाजी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. समीक्षाने बटण दाबलं. टीव्हीवर निळा पडदा आला, मग पृथ्वी फिरताना दिसू लागली, मग मुंगीचं मोठं तोंड. लोक वा वा म्हणाले.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. मुंगी हलायची थांबली आणि पडदा काळा झाला.

समीक्षाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चालू झाला, पुन्हा पाच मिनिटांत विझला. तिसऱ्यांदा तर निळा पडदाही पुरता आला नाही.

"काका, माझ्या टीव्हीला काय झालं नाय ना?" हरेश मागून म्हणाला. "स्वस्तातला घेतला असंल. मना सांगितला असता तर चांगला आणला असता."

"डबीतला जादूगार दमला वाटतं," आणखी कुणी म्हणालं आणि चार माणसं हसली.

दाजी हसले नाहीत. भामाचं नाव पहिल्यांदाच चारचौघांत लागलं आणि त्यावरच लोक हसले, एवढंच त्यांना दिसत होतं. वेणूबाईंनी पुढे होऊन डबीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. त्यांनी पाटी बघितली, पाटीच्या कडा बघितल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "नवीन आहे, रुळायला वेळ लागतो. चला, जेवणाचं बघा, पानं वाढली आहेत." आणि डबी पदराखाली घेऊन त्या बाजूला झाल्या.

पुढचे चार दिवस दाजी समाजमंदिराकडे फिरकले नाहीत. घरात बसून फारूकला शिव्या घालत होते. पाचव्या दिवशी त्यांनी ठरवलं, की डबी उचलायची आणि फारूकच्या काचेवर नेऊन आपटायची. संध्याकाळी ते समाजमंदिरात गेले. दारातच थांबले.

आत पोरं टीव्हीसमोर बसली होती. एक मुलगी कीबोर्डवर काहीतरी लिहीत होती. तिच्या बाजूला दोन पोरं वह्या घेऊन स्टुलावरच्या डबीला वारा घालत होती. जीव तोडून.

"समीक्षा, बघ गं," एक पोरगा म्हणाला.

समीक्षाने डबीला बोट लावलं. "तापली! भामाआजी तापली! बंद करा, बंद करा!"

"आता तर चालू केली व्हती!"

"भामाआजीला राग आला. वीस मिनिटं कोनी हात लावायचा नाय."

पोरं हसली, वह्या खाली ठेवल्या आणि गणितं काढू लागली. बाई फळ्याकडे वळल्या, तेव्हा त्यांना दारात दाजी दिसले.

"ह्यो काय परकार हाय?" दाजींनी विचारलं.

बाईंनी त्यांना बाहेर पायरीवर बसवलं. स्वतः शेजारी बसल्या. "दाजी, झाकणावरची भोकं नक्षीची नाहीत. चालताना तो तापतो आणि ती ऊब तिथून बाहेर जाते. ती बुजली की तो स्वतःहून बंद होतो. जळू नये म्हणून."

दाजींना कळायला वेळ लागला. "म्हंजे पाटीनं?"

"पाटीनं."

"मग काढली का नाय?"

"तुमच्या घरच्या माणसाचं नाव आहे. मी कशी काढू?" बाई म्हणाल्या. "चालतंय आमचं. दहा मिनिटं कॉम्प्युटर, वीस मिनिटं गणित. गणितं फार होतात एवढीच पोरांची तक्रार."

आत एक पोरगा डबीवर फुंकर घालत होता, गरम दुधावर घालतात तशी. दाजी ते बघत राहिले. नवं घर बांधलं तेव्हा दाजींनी झोपायच्या खोलीला एसी लावला होता. भामा तिथे एक रात्र झोपली. दुसऱ्या दिवशी गोधडी उचलून ओट्यावर गेली ती गेलीच. "मना कोंडू नका," म्हणाली होती. लोक काय म्हणतील म्हणून दाजी तिच्याशी महिनाभर भांडले होते.

ते उठले, आत गेले. "पोरांनो, भामाआजीला उद्यापतूर सुट्टी," म्हणाले आणि डबी धोतराच्या ओच्यात घेऊन निघाले.

फारूकने पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. उलटीकडून बघितलं, बाजूंनी बघितलं. खाली पाय, बाजूला वायरींच्या खाचा. पाटी हलवून लावायला कुठेच जागा नव्हती.

"दाजी, गरम हवा मारून पातं घालावं लागेल. निघेल, पण पाटी वाकणार. सरळ नाही राहणार मग."

"वाकू दे."

"नाव आहे त्यावर."

"काढ रं बाबा. लवकर काढ. गुदमारलीय ती."

अर्धा तास लागला. पाटी मधोमध वाकून निघाली. झाकणावर डिंकाचे ओरखडे राहिले, ते फारूकने तेल लावून घासले. मजुरी विचारली तर म्हणाला, "भाभींच्या नावाने." दाजींनी वाकलेली पाटी खिशात ठेवली. एसटी स्टँडपर्यंत चालत येताना त्यांना सारखं वाटत होतं, की आपण तिचं नाव पुसून आलो.

दुसऱ्या दिवशी डबी टीव्हीखाली चालू झाली. अर्धा तास झाला, तास झाला. दाजी मागच्या बाकावर कुणाच्या तरी आज्याच्या नावाला टेकून बसले होते. आता डबीवर काहीच नव्हतं. कुणी आलं तर ही कुणी दिली, कुणाच्या नावाने दिली, कशावरून कळणार?

"आज भामाआजी एकदापन नाय तापली!" समीक्षा ओरडली.

"भामाआजीवर आता माझी पाळी!" दुसरा ओरडला.

दाजींनी मान वर केली. पाटी गेली होती, पण पोरांच्या तोंडातून ते नाव काही गेलं नव्हतं. एवढ्यात सेक्टर सहामधून नव्याने येऊ लागलेली एक मुलगी वळून म्हणाली, "बाई, भामाआजी म्हणजे कोण?"

बाईंनी दाजींकडे हात केला. "ते सांगतील. आणि ते सांगतील तसं तू लिही. आजचा टायपिंगचा धडा तोच."

सगळी पोरं वळून बसली. दाजींनी घसा खाकरला. "भामा... माझी मंडळी. म्हायेर आपटा गावचा. मिठागरात काम करायची. गेल्या वर्षी वारली."

मुलीने एकेका बोटाने तेवढं लिहिलं. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या. त्यांच्या शेवटी कर्सरची उभी कांडी लुकलुकत राहिली.

"अजून?" मुलगी म्हणाली.

दाजींना अजून काही आठवेना. म्हणजे आठवत खूप होतं, पण ते सांगण्यासारखं वाटेना.

"ती लहान असताना काय खेळायची?"

दाजींनी नुसती मान हलवली.

"तिला पोहता यायचं? आपट्याला नदी आहे ना? आमची सहल गेली होती."

"मना... मना ठाव नाय, पोरी."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

पोरगी सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. बाईंनी तिला दटावलंही नाही. दाजी थोडा वेळ टीव्हीवरच्या त्या दोन ओळींकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षांचा संसार. दोन ओळी.

"बाई," ते उठत म्हणाले, "हे पुसू नका. मी परवापतूर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते आपट्याला गेले. भामाची धाकटी बहीण जनी अंगणात वाल सोलत बसली होती. वर्षश्राद्ध झालं, दाजी आता कशाला यायचे, असं तिला वाटत होतं. त्यांना फाटकात बघून ती दचकून उभी राहिली.

"काय झाला? सगली बरी हात ना?"

"बरी हात. बस तू." दाजी ओट्यावर टेकले. त्यांना घाम आला होता. "जने, भामाला पोहता यायचा काय गं?"

जनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आता इचारता व्हय?"

"पोरांना लिवायचा हाय. कंपुटरवर."

"पोहता?" जनी म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "आवं दाजी, भर श्रावणात पाताळगंगा पार करून पलीकडच्या वाडीतली काकडी चोरून आणायची ती. मना काठावर पहाऱ्याला बसवायची. न् काकडीचा शेंडा तेवढा मना द्यायची, कडू."

"हळू सांग," दाजी म्हणाले. त्यांनी खिशातून समीक्षाची वही काढली, पेन्सिल जिभेवर ओली केली आणि मोठ्या कष्टाने पहिलं अक्षर काढलं. "हां. काकडी. फुडं?"